सॉफ्टनर बसवला, पुढे काय?

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, नळांवर पांढरे थर चढतात. मग सॉफ्टनर बसवला जातो आणि त्यानंतर त्याकडे कुणी पाहत नाही. चूक इथेच होते.

सॉफ्टनरमधले रेझिन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्याबदल्यात सोडियम सोडते. क्षमता संपली की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. किती लिटरनंतर धुवायचे, हे पाणी किती जड आहे त्यावर ठरते. बोअरच्या पाण्याचा जडपणा मात्र ऋतूनुसार बदलू शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाणी तपासून सेटिंग बदलायलाच हवे. नाहीतर एक तर जड पाणी तसेच घरात येते किंवा मीठ व पाणी वाया जाते.

प्रश्न आरोग्याचाही आहे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम जडपणा पूर्ण काढला, तर त्या लिटरभर पाण्यात सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. असे तीन लिटर पाणी प्यायले, तर त्याचा तिसरा हिस्सा पाण्यातूनच पोटात जातो. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे परवडणारे नाही.

शिवाय सॉफ्टनर जंतू मारत नाही. म्हणून त्याचे पाणी अंघोळीला, कपड्यांना आणि गिझरला द्यावे. पिण्याच्या पाण्याची वाट वेगळी ठेवावी आणि तेही तपासून, शुद्ध करूनच प्यावे.