इंजिनिअर कोण, हे कॉलेजचा टियर ठरवणार?

आपल्या वस्तीत पोरगं बी.ई. झालं की पेढे वाटतात आणि दारावरच्या पाटीत नावाआधी 'इंजि.' लागतं. पेढे रास्तच आहेत. पण परदेशात 'प्रोफेशनल इंजिनिअर' म्हणून नोंदणी करायला गेलं की आधी मार्क विचारत नाहीत, पदवी कुठली ते विचारतात.

13 जून 2014 रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या तुल्य मानायच्या, असा हा करार. आपल्याकडे त्यासाठी मान्यता देतं ते नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए. एनबीएने दोन स्तर पाडले. आयआयटी, विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं टियर-1. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं टियर-2. कराराचा लाभ फक्त टियर-1च्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना. संलग्न कॉलेजला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवता येत नाही, हे त्याचं कारण. त्यात विद्यार्थ्याचा काय दोष, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानता म्हटलं ते हेच: एकाच पदवीच्या पायऱ्या पाडायच्या आणि आपल्या वाट्याला खालची ठेवायची.

भिलाईत दोन्ही पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात. 2016 साली स्थापन झालेली आयआयटी आता इथे आहे. पण मी पाहिलेली कंत्राटी कामगारांची मुलं बहुतेक तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांत, कर्ज काढून शिकली.

त्यांच्या आधीच्या पिढीकडे निदान एएमआयई होती. भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. अशा कारखान्यांतल्या डिप्लोमावाल्यांना नोकरी न सोडता इंजिनिअर होण्याचा हा रस्ता होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, सेक्शन ए आणि बी. दोन्ही सुटले की बी.ई.शी समकक्ष. रात्रपाळी करून अभ्यास करणाऱ्यांना ती सुटायला वर्षानुवर्षं लागत, इतकी अवघड. केंद्राने ही समकक्षता 31 मे 2013पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांवर घाव घातला, ते मला पटतं. प्रयोगशाळेविना इंजिनिअर होत नाही. पण एएमआयईवाल्याची प्रयोगशाळा म्हणजे अख्खा कारखाना होता!

आखातही यातून सुटलेलं नाही. 2018 मध्ये कुवेतने इंजिनिअरांच्या निवास परवान्यासाठी तिथल्या इंजिनिअर संघटनेचं ना-हरकत पत्र मागितलं आणि एनबीए मान्यता नसलेल्या कॉलेजांतले भारतीय अडकले, कित्येक वर्षांचा अनुभव असलेलेसुद्धा. एनबीएच मुळात 1994 साली स्थापन झाली. त्याआधी पास झालेल्याने मान्यता आणायची कुठून?

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या नोंदणीला केंद्रीय कायदा आहे. इंजिनिअरांसाठी तसा कायदा आणण्याची चर्चा चालू असते. तो आणताना शैक्षणिक पात्रतेच्या कलमात 'टियर' हा शब्द येता कामा नये, यासाठी आपल्या संघटनांनी आतापासून बोलायला हवं. माणसाची परीक्षा घ्या, अनुभव तपासा, आणि डिप्लोमावाल्या कामगाराला एएमआयईसारखा रस्ता पुन्हा मोकळा करा.

तोवर प्रवेश घेणाऱ्यांनी एवढं करावं. एनबीए मान्यता कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला मिळते आणि तीही ठरावीक वर्षांपुरती. शाखा कोणती, टियर कोणता, मान्यता कधी संपते, हे तिन्ही एनबीएच्या यादीत पाहूनच फी भरा. गेटवरच्या 'एनबीए मान्यताप्राप्त' फलकावर यातलं काही लिहिलेलं नसतं.