जवारीचा हिशेब

मराठी समीक्षेत काही समजुती अशा आहेत, की त्यांच्याशी कोणी वाद घालीत नाही, आणि म्हणूनच त्या टिकून राहतात. ‘पैसा आला की कारागिरी गेली’ ही त्यांपैकी एक. विषय हातमागाचा असो, कुंभारकामाचा असो वा वाद्यनिर्मितीचा. लेखाचा साचा ठरलेला असतो. आरंभी एक निष्ठावान वृद्ध कारागीर, मध्ये बाजार नावाचा खलनायक आणि अखेरीस एक सुस्कारा. हा सुस्कारा आम्हांला मान्य नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नफा हा कारागिरीचा शत्रू नव्हे. जे काम डोळ्यांना दिसत नाही त्याचे दाम मोजण्यास समाज नकार देतो, तेव्हा कारागिरी मरते. आणि या नकाराला तात्त्विक प्रतिष्ठा देण्याचे काम आपण साहित्याच्या अभ्यासकांनी केले आहे.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक ठोस उदाहरण घेऊ. मिरजेचा तंबोरा. घरात स्वर अखंड निनादत ठेवण्याची जी सोय आज आपण यंत्राकडून घेतो, ती शतकानुशतके या वाद्याने पुरविली. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. तो उभारणारे फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांपैकी. शस्त्रांचा व्यवसाय ओसरला आणि तोच हात लाकडाकडे, भोपळ्याकडे वळला. पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले आणि सतारमेकर गल्ली ही वाद्यप्रेमी मंडळींची पेठ झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या कलेचा जन्मच मुळी पोटाच्या गरजेतून झाला आहे. आधी निर्मळ कला होती आणि मागून धंदा आला, असा क्रम येथे नाही. मागणी घटली म्हणून एक धंदा सुटला, मागणी दिसली म्हणून दुसरा धरला गेला. आणि त्या दुसऱ्यातून देशभर नावाजलेली कारागिरी निपजली.

मागणी होती, याचे कारण गावात गाणे होते. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य घडविले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी तेथेच शिकले. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेचाच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली प्रवासात देहावसान झाल्यावर त्यांना चिरविश्रांती मिळाली तीही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात. गाणारा आणि घडविणारा एकाच गावात असल्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. वाद्य विकले म्हणजे संबंध संपला, असे होत नसे. स्वर मनाजोगा उमटला नाही, तर वाद्य पुन्हा कारागिरापुढे येत असे. गिऱ्हाईक हाच टीकाकार होता, आणि टीकाकार पैसे मोजून आलेला होता.

आता जवारीकडे वळू. तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, तिच्या किंचित बाकदार पृष्ठावरून घसरत जाते. तार कंप पावते तेव्हा तिचा त्या पृष्ठाशी असलेला स्पर्श क्षणोक्षणी बदलतो, आणि मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर उजळून निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच वैशिष्ट्याकडे भौतिकशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. हे पृष्ठ कानसेने घासून नेमक्या वळणावर आणणे आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून स्वर खुलविणे, याला जवारी काढणे म्हणतात. ती एकदा काढून भागत नाही. वाजविण्याने पृष्ठ झिजते, तारेची खाच पडते, जवारी पुन्हा काढावी लागते. हे काम हाताचे आहे तसेच, किंबहुना त्याहून अधिक, कानाचे आहे. कान तयार होण्यास वर्षे लागतात. काम पाहणाऱ्याला मात्र ‘जरासे घासले’ एवढेच दिसते.

येथेच हिशेब चुकतो. गिऱ्हाइकाला पंढरपूरच्या बाजूचा मोठा भोपळा दिसतो, तुनीच्या लाकडाची दांडी दिसते, नक्षी दिसते, पॉलिश दिसते. दाम या दिसणाऱ्या वस्तूंना चिकटते. जवारी दिसत नाही, म्हणून ती वस्तूसोबत फुकट मागितली जाते : ‘तंबोरा तुमच्याकडूनच घेतला आहे, तेवढी जवारी काढून द्या.’ ज्या कौशल्यावाचून तंबोरा म्हणजे तारा लावलेला भोपळा, तेच कौशल्य हिशेबात शून्य धरले जाते. मग कारागिराचा मुलगा काय शिकेल? ज्याला दाम आहे ते शिकेल. नक्षी शिकेल, पॉलिश शिकेल, आणि कानाचे काम मागे पडेल. त्याला लोभी म्हणण्यापूर्वी, त्याला हा धडा गिऱ्हाइकानेच दिला, हे आपण मान्य केले पाहिजे.

याला केवळ वाद्यांचा प्रश्न समजू नये. आज सांगलीत, साताऱ्यात नवे बंगले उठतात, त्यांत भिंतीत बसविलेले ध्वनिवर्धक, मोबाइलवरून चालणारे दिवे आणि पडदे असतात. ही जोडणी करणाऱ्या व्यावसायिकापुढे हाच पेच उभा असतो. डब्याची किंमत गिऱ्हाईक इंटरनेटवर पाहून येते आणि तिच्यावर घासाघीस करते. त्या खोलीत आवाज कोठे घुमतो, कोठे मरतो, ध्वनिवर्धक कोणत्या उंचीवर बसवावा, तारा कशा ओढाव्यात म्हणजे पाच वर्षांनी भिंत फोडावी लागणार नाही, या विचाराला लागणारे तास ‘बसवून देणे’ या दोन शब्दांत गडप होतात आणि तेही डब्यासोबत फुकट अपेक्षिले जातात. जो सचोटीने ते तास देतो तो तोट्यात जातो. जो देत नाही तो स्वस्त ठरतो आणि पुढचे काम त्यालाच मिळते. जवारीचे दाम न मोजण्याचा रोग तंत्रज्ञान बदलले म्हणून बरा होत नाही.

म्हणूनच इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर फोडले जाणारे खापर आम्हांला अन्यायाचे वाटते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये हे यंत्र तयार झाले. आता तर मोबाइलमध्येही तानपुरा वाजतो. दोन खोल्यांच्या घरात राहून पहाटे रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याने सूर दिला, हा त्याचा उपकारच आहे. यंत्र पट्टी बदलू शकते, न थकता वाजू शकते. परंतु समोर बसलेल्या गायकाचा गळा ऐकून, ‘या आवाजाला जवारी थोडी बंद हवी’ असा निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी स्वीकारणे, हे माणसाचे काम आहे. तेव्हा यंत्राने कारागिराकडून सर्वकाही हिरावून घेतले असे नाही. त्याने नुसता अखंड सूर स्वस्त केला. उरलेल्या गोष्टीला आपण कधी दाम लावलेच नव्हते, म्हणून ती उरली आहे हेही आपल्या लक्षात आले नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक मूळ आपल्या वाङ्मयीन शिक्षणात आहे. फडके-खांडेकर वाद आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला. कला कलेसाठी की जीवनासाठी, याची उत्तरे आपण मुद्देसूद लिहिली. सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या खांडेकरांनी जीवनाची बाजू घेतली खरी. परंतु त्या वादातले ‘जीवन’ म्हणजे ध्येये, दुःखे, सामाजिक जाणिवा. त्यात कारागिराचे बिल कोठे होते? पुढे मर्ढेकरांनी – त्यांच्या घराण्याचे मर्ढे गाव सातारा जिल्ह्यातले – ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात सौंदर्यमूल्य उपयुक्ततेपासून वेगळे काढले. कलाकृतीचे मूल्यमापन करताना हा भेद आवश्यक आहे, आम्हीही तो मानतो. तंबोऱ्याचा स्वर गोड आहे की नाही, हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. परंतु मूल्यमापनाचा हा नियम आपण निर्वाहाला लावला, ही खरी गफलत. ‘सौंदर्य पैशाने मोजता येत नाही’ या योग्य विधानावरून ‘सौंदर्य निर्माण करणाऱ्याने पैसे मोजू नयेत’ या अयोग्य विधानावर आपण अलगद घसरलो. खुद्द मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि नभोवाणीसाठी त्यांनी संगीतिका लिहिल्या. वेतनाने त्यांच्या लेखणीला विटाळ झाला, असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. जो न्याय कवीला, तो सतारमेकराला का नाही?

इतिहासातही ही समजूत टिकत नाही. क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हारीची व्हायोलिने आज कारागिरीचा परमोच्च बिंदू मानली जातात. तो काही दरिद्री साधक नव्हता. सरदार-दरबारांना वाद्ये विकणारा, उत्तम चालणाऱ्या कार्यशाळेचा धनी होता. आपल्या कृष्णाकाठीही दाखले आहेत. औंधच्या चित्रकार राजाने दिलेल्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर विकणाऱ्या त्या कारखान्याने १९२० साली आपल्या मालाची आणि कामाची वार्ता देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, आणि तिच्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, १९३० साली ‘स्त्री’ आले. मराठी कथा आणि वैचारिक गद्य यांच्या अभ्यासकाला ही मासिके टाळून पुढे जाता येत नाही. हा वाङ्मयेतिहास नांगराच्या नफ्यावर उभा आहे, हे वर्गात सांगितले जाते काय?

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की नफ्याच्या मोहाने माणूस काम चोरतो. चोरतो, हे खरेच आहे. न वाळलेला भोपळा पॉलिशखाली दडतो, हलकी तार भिंतीच्या आत दडते. परंतु येथे दोष नफ्याचा नसून लपवाछपवीचा आहे. आमची कसोटी साधी आहे : काय वगळले, हे गिऱ्हाइकाला सांगितले काय? विद्यार्थ्यासाठी साधा तंबोरा कमी किमतीत बनविणे यात कमीपणा नाही. तोच मैफलीचा म्हणून विकणे ही फसवणूक. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काचकारखाना सुरू झाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. तो राजवाड्यासाठी घडविलेले झुंबर नव्हता. पण काच बर्नरवर नीट बसावी, ज्योत स्थिर राहावी, ही सुद्धा कारागिरीच. आणि स्वस्त वस्तूत ती असणे अधिक कठीण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारागिराने पुरते दाम लावले, तर उत्तम वस्तू धनिकांच्याच घरी जाणार नाही काय? इंग्लंडात विल्यम मॉरिसपुढे हाच पेच आला होता. श्रमिकांच्या बाजूने बोलणाऱ्या त्या माणसाच्या कार्यशाळेतील हातकामाच्या उंची वस्तू श्रीमंतांनाच परवडत. या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण अर्धे उत्तर आहे. ज्याला परवडत नाही त्याची सोय समाजाने करावी : महाविद्यालयाने, संगीतशाळेने, सार्वजनिक निधीने. ती कारागिराच्या पोटाला चिमटा घेऊन होऊ नये. गरीब विद्यार्थ्याला मिळणारी सवलत त्याच्याहून फारसा श्रीमंत नसलेल्या कारागिराने सोसावी, यात कोणता समाजवाद?

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे, पण आनंदापाशी थांबणे धोक्याचे आहे. मानांकन वस्तूच्या नावाचे रक्षण करते; ते कान तयार करीत नाही. नाव सुरक्षित आणि जवारी अनाथ, अशी अवस्था आली, तर मिरजेच्या शिक्क्याचे सुंदर, निःशब्द भोपळे दिवाणखान्यांत शोभेला उरतील.

म्हणून सुस्काऱ्याऐवजी आम्ही एक क्षुद्र वाटणारी मागणी करतो. ज्या महाविद्यालयांत संगीत विभाग आहे, त्यांनी वार्षिक अंदाजपत्रकात वाद्यखरेदीहून वेगळी अशी जवारीची स्वतंत्र बाब ठेवावी. तंबोरा घेणाऱ्याने पावतीवर जवारीचे दाम वेगळे लिहून मागावे आणि ते घासाघीस न करता द्यावे. कारागिरांनीही ‘प्रेमाने करून दिले’ ही भाषा सोडावी. प्रेम असू द्यावे, बिलही असू द्यावे.

आणि साहित्याच्या अध्यापकांनी हा हिशेब घरापासून सुरू करावा. आपल्याकडेही जवारी आहे. हस्तलिखितावरून फिरणारा संपादकाचा हात, मुद्रितशोधकाची नजर, एका शब्दासाठी दोन दिवस अडून बसणारा अनुवादक. दिवाळी अंकाच्या कागदाला दाम असते, छपाईला असते, मुखपृष्ठालाही असते. या मंडळींना काय असते? मानाचा एक अंक आणि ऋणनिर्देशातील एक ओळ. नंतर मराठी पुस्तकांत अशुद्धे वाढली, अनुवाद कोरडे झाले, म्हणून परिसंवाद भरवायचे आणि बाजाराला दोष द्यायचा. बाजाराने तुम्हांला दाम देण्यापासून कधी अडविले होते?