अंकुराची भूकही बोलते

ओल्या फडक्यात बांधलेली नाचणी मोड आल्यावर सोडा आणि त्यातला एक दाणा चावून बघा. कोरड्या नाचणीत नसलेली गोडी जिभेला लागते. नाचणीचं सत्व करणाऱ्या घरांना ही गोडी पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागली, हे ती सांगते. पण ही साखर करायचा हुकूम कोण देतं?

वर्गात याचं उत्तर एका शब्दात मिळतं: जिबरेलिन. अंकुर हे संप्रेरक सोडतो, दाण्याच्या सालीलगतचा अल्युरोन थर ते ऐकतो, पिठाची साखर करणाऱ्या अमायलेजचं जनुक जागं होतं आणि पीठ विरघळू लागतं. या मांडणीत साखर म्हणजे नुसती शिदोरी; माझ्या मते ती निरोपही आहे.

या पक्षाची बाजू लेचीपेची नाही. 1960 मध्ये जपानचे योमो आणि ऑस्ट्रेलियाचे पॅलेग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की जवाच्या दाण्यातला अंकुर काढून टाकला तरी उरलेला भाग जिबरेलिन मिळताच अमायलेज बनवतो. प्रयोग चोख होता आणि आजही तो खराच आहे. माझा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. अंकुरच कापून टाकला, तर अंकुराची साक्ष मिळणार कुठून? साखरेचा शब्द सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो अंकुरातच, आणि नेमका तोच भाग त्या प्रयोगाबाहेर होता.

ती साक्ष पुढे भाताने दिली. तैवानमध्ये सू-मे यू यांच्या गटाने 1991 मध्ये दाखवलं, की भाताच्या पेशी साखरेच्या द्रावणात ठेवल्या तर अमायलेजची जनुकं दबून राहतात आणि साखर संपली की जोमाने कामाला लागतात. बाहेरून जिबरेलिन घालावं लागत नाही. पेशीची उपासमार हाच तिथे निरोप असतो.

यावर कोणी म्हणेल, साखर हे अन्न आहे, पोट भरलं म्हणून काम थांबलं, यात निरोप कसला? हा आक्षेप रास्त आहे, पण टिकत नाही. पॅलॅटिनोज आणि टुरॅनोज या शर्करांवर जवाच्या अंकुराला गुजराण करता येत नाही. तरी त्या दिल्या की अमायलेजचं जनुक दबतं. पोट भरलेलं नसतानाही काम थांबतं, म्हणजे अंकुर साखर केवळ खात नाही, ओळखतोही.

मग संप्रेरक खोटं का? मुळीच नाही. दोघांची गाठ जनुकाच्या दारातच पडते. भूक लागली की मायब्स-1 नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि अमायलेजच्या जनुकाला धरतं. साखर भरपूर असेल तर ते बाहेरच राहतं. जिबरेलिनच्या बाजूने गा-मिब हे दुसरं प्रथिन त्याच जनुकाशी येतं. 2012 मध्ये यू यांच्याच गटाने दाखवलं, की ही दोन्ही प्रथिनं एकमेकांना धरून काम करतात आणि जिबरेलिन मायब्स-1 लाही केंद्रकात आणतं. शिवाय अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक उलट्या बाजूने ओढत असतं, दाण्याला निजवून ठेवतं. धनी एकटा कुणीच नाही.

मला यातली काटकसर फार मोलाची वाटते. कोंब जोरात वाढत असेल तर साखर खर्च होते, भूक लागते आणि आणखी पीठ फुटतं. कोंब अडला तर साखर साचते आणि पीठ शिल्लक राहतं. खर्च बघून कोठार उघडायचं, हा हिशेब एकट्या हुकमावर चालत नाही.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. कोकणात रहू पेरतात तेव्हा मोड आलेलं भात चिखलात फेकलं जातं. पाण्याखाली प्राणवायू तुटपुंजा असतो, तिथे कोंबाने तग धरणं पिठातून साखर किती सुटते यावर ठरतं. भातात ही उपासमारीची खूण पाण्याखालच्या उगवणीशी जोडणारा दुवा 2009 मध्ये सापडला. उलट टोकाला, 2019 च्या परतीच्या पावसात मराठवाड्यात उभ्या ज्वारी-बाजरीच्या कणसांना कोंब फुटले, तेव्हा नीज मोडलेल्या दाण्यात हेच यंत्र नको त्या वेळी चालू झालं होतं.

म्हणून पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना आणि बीजोपचाराचा सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे: जिबरेलिनच्या बाणाशेजारी साखरेचाही बाण काढा, आणि तो अंकुराकडून निघू द्या.