परदेशची पंगत : डब्लिनमधला टाको



आयर्लंडला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथं बटाट्याशिवाय काय मिळतं?" मिळतं हो, बरंच काही. मासे झकास, लोणी झकास, आणि आता टाकोसुद्धा. तोही गाडीवरचा नव्हे, मंद दिव्यांच्या, मोठ्या बिलाच्या हॉटेलातला. आमचा मुलगा आणि सूनबाई डब्लिनला असतात. त्यांनी आम्हांला हौसेनं तिथं नेलं, म्हणून या खेपेस पंगतीला टाको.

मुलांना टाको काय ते सांगायला नको. ज्येष्ठांसाठी सांगतो. मक्याच्या पिठाची तळहाताएवढी पातळ भाकरी असते, तिला तोर्तिया म्हणतात. तिच्यात मांस, मासे नाहीतर भाजी घालायची, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि मिरचीची चटणी. दुमडायची आणि हातानं खायची. काटा-चमचा मागितलात तर लोक हसतील. मेक्सिकोत हे रस्त्यावरचं खाणं, आपल्या वडापावासारखं. पण मोठ्या शहरात गेलं की गरिबाच्या खाण्याचा भाव वाढतो. बेलफास्टला २००७ साली 'बूजम' नावाचं बुरितोचं दुकान निघालं, ते विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारं. मग २०११ साली डब्लिनच्या साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवर '७७७' नावाचं मेक्सिकन हॉटेल आलं, आणि टाको चांगले कपडे घालून खायची गोष्ट झाली. आम्ही गेलो ते हॉटेल दुसरं, पण थाट तसाच. तीन टाको, प्रत्येक दोन घासांचा, आणि किंमत अठरा युरो! मात्र एक सांगायला हवं. २०२४ साली मिशेलिनवाल्यांनी मेक्सिको शहरातल्या 'एल कालिफा दे लेओन' या टाकोच्या दुकानाला तारा दिला. हे दुकान १९६८ पासूनचं, आपल्या स्वयंपाकघराहून लहान, आणि गिऱ्हाईक उभ्यानं खातं. तेव्हा चव मेणबत्तीत नसते हे त्या परीक्षकांनाही कळतं.

आयर्लंडच्या इतिहासात मक्याला फार कडू आठवण आहे. १८४५ साली तिथं बटाट्यावर रोग पडला. पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला. त्याचं नाव 'इंडियन मील'. इंडियन म्हंजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी! दाणा दगडासारखा, दळायला नीट गिरण्या नाहीत, शिजवायचा कसा ते ठाऊक नाही. अर्धाकच्चा खाऊन लोकांची पोटं बिघडली. पिवळ्या रंगावरून लोकांनी त्याला 'पीलचं गंधक' म्हणायला सुरुवात केली. आपल्यापैकी जे उशिरा इस्राएलला आले त्यांना १९७२ च्या दुष्काळातली रेशनची तांबडी मिलो आठवत असेल. रांगेत उभं राहून आणायची आणि नाक मुरडून खायची. तसंच काहीसं ते.

मेक्सिकोच्या बायकांना मात्र मक्याचं कोडं हजारो वर्षांपूर्वी सुटलं होतं, आणि उत्तर होतं चुना. पानाला लावतो तोच. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी धुऊन सालं काढायची, मग पाट्यावर वाटायचा. चुन्यानं साल सुटतं, पीठ एकजीव होतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका जहाजातून युरोपला गेला, चुन्याची युक्ती मागेच राहिली. म्हणून उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. आता बघा, ज्या देशात मक्यानं पोटं बिघडवली त्याच आयर्लंडच्या टिपररी परगण्यात, क्लॉनमेल गावी, 'ब्लांको निन्यो' नावाच्या कंपनीनं मका चुन्यात शिजवून, ज्वालामुखीच्या दगडावर दळून तोर्तिया करायला घेतल्या.

आता त्या रात्रीची हकीगत. आमच्या आई बरोबर होत्या. वय ८३, जन्म रेवदंड्याचा. मेन्यू हातात आला आणि आम्ही मनात म्हटलं, आता काय मागवायचं? कार्नितास म्हंजे डुक्कर. आल पास्तोर म्हंजेही डुक्कर. बाकीच्यात कोळंबी, नाहीतर मांसावर चीज. आईंनी मुलामार्फत विचारायला सुरुवात केली. घेवड्यात चरबी आहे का? कसली? मासा कोणता? त्याला खवलं आहेत का? तेल कोळंबीचंच का? चौथ्या प्रश्नाला आमचा दहा वर्षांचा नातू टेबलाखालून पाय मारून म्हणाला, "पणजी, पुरे ना. सगळे बघतायत."

आई म्हणाल्या, "बघू देत. कोकणात आपली माणसं ओळखली कशी? खवल्याचा मासा बिनखवल्याच्या माशातून वेगळा काढला म्हणून. तेव्हापण सगळे बघतच होते."

वाढणारी मुलगी मेक्सिकोचीच होती. ती न कंटाळता आत जाऊन विचारून आली. घेवड्यात डुकराची चरबी आहे. मासा हेक, खवल्याचा, पण तेल कोळंबीचंच. तोर्तियात फक्त मका, पाणी आणि चुना. अळंबी आणि निवडुंग वेगळ्या तव्यावर, चीज न घालता करून देतील. झालं, तेच आलं. आमचा मुलगा एरवी बाहेर काय खातो ते आम्ही विचारत नाही, पण त्या रात्री त्यानंही अळंबीच मागवली. कडक पाळणारे म्हणतील की भांडी कोशर नाहीत, तिथं बसूच नये. त्यांचं चूक नाही. त्यांच्यासाठी खाली घरची कृती दिली आहे. पण नातवंडांबरोबर बाहेर जायचं तर गप्प बसून पाणी पिण्यापेक्षा विचारलेलं बरं, असं आमचं मत. आणि आयर्लंडला मंकफिश बराच दिसतो. तो बिनखवल्याचा, लक्षात ठेवा.

आल पास्तोरची एक गोष्ट मुलांनी ऐकावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेबनानहून लोक मेक्सिकोत गेले आणि त्यांनी आपली उभी सळई बरोबर नेली. म्हंजे आपली शवार्मा! प्वेब्ला शहरात तिला 'अरबी टाको' म्हणू लागले. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, पावाच्या जागी तोर्तिया, आणि नाव राहिलं मेंढपाळाचं. आणि तो निवडुंग? आपल्याकडे इस्राएलमध्ये जन्मलेल्या मुलाला ज्याच्यावरून 'सब्रा' म्हणतात तोच. मूळ मेक्सिकोचा. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. उलट कोथिंबीर आणि लिंबू इकडून तिकडे गेले. सब्रा नातवानं सब्रा खाल्ला म्हणून आई बराच वेळ हसत होत्या. मग त्यानंच विचारलं, "पणजी, ही तुझ्या भाकरीसारखीच आहे ना? तू हातानं थापतेस?" दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी दोघं तांदळाचं पीठ घेऊन बसली. पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या, पाचवी फुगली.

मक्याचं पीठ हवं म्हणून आम्ही पोर्टोबेलोला गेलो. हीच डब्लिनची जुनी 'लिटल जेरुसलेम'. १९४० च्या दशकात आयर्लंडात सुमारे चार हजार यहुदी होते, त्यांतले पुष्कळ याच गल्ल्यांत. वॉलवर्थ रोडवरच्या जुन्या सिनेगॉगमध्ये म्यूझियम आहे. ते १९८५ साली आपले राष्ट्राध्यक्ष हाईम हेर्झोग यांनी उघडलं. ते बेलफास्टला जन्मलेले आणि डब्लिनला वाढलेले. याच भागात लिली रामिरेझ-फोरान या मेक्सिकन बाईंनी 'पिकाडो' हे वाणसामानाचं दुकान थाटलं. त्यांचं टाकोवरचं पुस्तक २०२२ साली निघालं.

घरची कृती : चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, म्हंजे 'मासा हरिना', दोन वाट्या, कोमट पाणी अंदाजे दीड वाटी, चिमूटभर मीठ. साधं मक्याचं पीठ नको, ते चिकटून राहत नाही. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे करून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ताटलीनं दाबा. कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. सुरमई नाहीतर कॉड हळद, मीठ, लसूण, लिंबू लावून थोड्या तेलात तळा. वर बारीक चिरलेला कोबी आणि आपली नारळ-कोथिंबिरीची हिरवी चटणी. पेसाहात, सूनबाई अश्केनाझी असेल तर, आधी तिला विचारा.