सुका कचरा सुकाच हवा

शहरातल्या बहुतेक घरांत आता दोन बादल्या असतात: ओल्याची हिरवी आणि सुक्याची निळी. कचरा वेगळा करता का, असं विचारलं तर उत्तरही ठणठणीत मिळतं, “हो, रोज करतो.” पण निळ्या बादलीचं झाकण उघडलं की सांबार लागलेली पिशवी दिसते, तळाला दही राहिलेला कप दिसतो. शेजवान चटणीची अर्धवट डबी आणि बिर्याणीचा तेलकट खोकाही तिथेच असतो. घरच्यांच्या लेखी हा सगळा सुका कचरा असला, तरी भंगाराच्या दुकानात त्याला कुणी विचारत नाही.

कारण सरळ आहे. रद्दी आणि पुठ्ठा कारखान्यात पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. पाण्याने कागद सुटतो, तेल मात्र सुटत नाही. ते लगद्यात उतरतं आणि नव्या कागदावर डाग व कच्चे पट्टे राहतात. प्लास्टिकची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि ते अडीचशे अंशांच्या वर वितळतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी करपायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. म्हणून वेगवेगळी प्लास्टिकं एकत्र वितळवता येत नाहीत, ती आधी निवडावी लागतात, धुवावी लागतात. खरकटं जितकं जास्त, तितकं धुण्याचं पाणी आणि मजुरी जास्त. हा खर्च मालाच्या किमतीवर गेला की तो माल कुणी उचलत नाही.

हा हिशेब पुण्यातल्या कचरावेचक बायकांना कचरा वेगळा करण्याचे नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. 1993 मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव, पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यामागची ठळक नावं. कचराकुंड्या उपसून पोट भरणाऱ्या, चोर समजून हाकलल्या जाणाऱ्या या बायकांना पुढे महापालिकेची ओळखपत्रं मिळाली. 2008 पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. संस्थेत तीन हजारांहून अधिक जणांना काम मिळालं आणि त्यात बहुसंख्य दलित समाजातल्या बायका आहेत.

त्यांची कमाई दोन वाटांनी होते. एक, प्रत्येक घराकडून मिळणारं मासिक शुल्क. दुसरी, सुक्या कचऱ्यातून निघालेला माल विकून मिळणारे पैसे. निळ्या बादलीत आमटी सांडली तर नुकसान पर्यावरणाचं होतं, हे खरंच. पण त्याआधी ते ढकलगाडी ढकलणाऱ्या बाईच्या त्या दिवसाच्या रोजीचं होतं. वर्गीकरणाच्या जाहिरातींमध्ये पृथ्वी, झाडं आणि हसरी मुलं असतात, या बाईची मजुरी मात्र क्वचितच दिसते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचं तर बोलायलाच नको. ते उघडे टाकले की कुणाला तरी ते हातानेच बाजूला काढावे लागतात. ‘स्वच्छ’ने त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम काढली: वापरलेलं पॅड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं. एवढीशी खूण पाहून पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. 2016 च्या घनकचरा नियमांनीही हे टाकाऊ गुंडाळून देण्याचं बंधन घातलं आणि ते गुंडाळण्यासाठी उत्पादकांनी पाकिटासोबत पिशवी द्यावी, असं म्हटलं. घराघरात लाल ठिपका काढायला दहा सेकंद लागतात. तरीही तो सर्रास दिसत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. “आम्ही वेगळा करून देतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच ओततात,” ही तक्रार राज्यातल्या जवळपास प्रत्येक शहरात ऐकू येते. ती खोटी नाही. कचरा वेगळा करून द्यायचं बंधन नागरिकांवर आहे, तसंच तो वेगळाच उचलायचं आणि वेगळाच प्रक्रियेला न्यायचं बंधन पालिकांवर आहे. ज्या पालिकेची गाडी एका कप्प्याची, तिला नागरिकाला दंड करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

हे काम जमतच नाही असं मात्र नाही. इंदूरने गाडीतच वेगळे कप्पे केले, रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून टाकल्या आणि घराच्या दारातच वर्गीकरण तपासायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवणारा रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. पिशव्या, काचा आणि चिंध्या मिसळलेला कचरा अशा प्रकल्पात चालत नाही. प्रकल्प चालतो तो घरातून निवडून आलेल्या भाजीच्या देठांवर आणि हॉटेलांच्या शिळ्या अन्नावर. पणजी महापालिकेने तर गृहसंकुलांमध्ये सुक्या-ओल्याच्या पुढे जाऊन 16 प्रकारांत कचरा वेगळा करण्याची सोय केली.

मिसळलेल्या कचऱ्याचं काय होतं, ते मुंबईकरांना सांगायला नको. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून भरतं आहे. दाबून ठेवलेला ओला कचरा हवेविना कुजतो, मिथेन तयार होतो आणि वर प्लास्टिक-कापडाचं आयतं सरपण असतं. 2016 च्या जानेवारीअखेर तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी आणि नासलेल्या विहिरी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसल्या. शेवटी त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला जाग आली. पुण्यातल्या कोथरूडच्या किंवा औंधच्या ओट्यावर जे वेगळं झालं नाही, त्याची किंमत फुरसुंगीने मोजली.

सगळं नागरिकांच्या माथी मारणंही बरोबर नाही. चिप्स, बिस्किटं आणि शाम्पूच्या पुड्यांचं चकचकीत वेष्टण म्हणजे प्लास्टिक आणि धातू यांचे एकमेकांना चिकटवलेले थर. ते कितीही स्वच्छ धुऊन दिलं तरी बहुतेक भंगारवाले घेत नाहीत, कारण थर सुटे करणं परवडत नाही. केंद्राने 2022 मध्ये अशा वेष्टणांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी नियमावली आणली. तिचा अर्थ कागदी प्रमाणपत्रांपुरता राहता कामा नये. हे वेष्टण गोळा करणाऱ्या बाईला कंपनीकडून किलोमागे पैसे मिळाले, तरच ते नाल्यात न जाता पोत्यात जाईल.

घरात करण्यासारखं फार अवघड काही नाही. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नये; तो एवढासा तुकडा कुणालाच उचलता येत नाही. पिशवी, डबी, कप एकदा पाण्याने विसळून उपडे ठेवावेत. त्यासाठी भांडी घासल्यानंतरचं पाणीही पुरतं. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून ओल्यात टाकावा, कोरडा भाग रद्दीत ठेवावा. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर तसं लिहून द्यावं. बॅटरी, जुनी औषधं आणि ट्यूबलाइट यांच्यासाठी वेगळी पिशवी ठेवावी. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नये, नाहीतर वेगळं करण्याचा सगळा खटाटोप शेवटच्या गाठीत वाया जातो. गणपतीतल्या निर्माल्यातून दोरा, थर्माकोल आणि चकचकीत कागद आधीच काढला, तर फुलांचं खत होतं.

महापालिकांच्या निवडणुकीत रस्ते आणि पाणी यांच्यावर प्रश्न विचारले जातात. आपल्या प्रभागातली घंटागाडी किती कप्प्यांची आहे, ओला कचरा नेमका कुठे जातो आणि सुका माल निवडायला शेड आहे का, हेही मतदारांनी उमेदवारांना विचारावं. त्या आधी आज रात्री प्रत्येकाने आपल्या घरातली निळी बादली उघडून पाहावी आणि त्यातलं जे ओलं आहे ते बाहेर काढावं.