मोबाईल : घरचे दप्तर

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, मोबाईल नाही असे शेतकऱ्याचे घर आता क्वचितच आढळेल. रात्री ओलिताला जाताना उजेड म्हणून, पहाटे गजर म्हणून व बाजारात हिशेबासाठी त्याचा उपयोग होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु याहून मोलाचा एक उपयोग बहुतेक घरी दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे मोबाईलला कुटुंबाचे दप्तर करणे हा होय.

महसुली कारकुनीत आयुष्य घालविल्यावर एक गोष्ट मनावर ठसली आहे. शेतकऱ्याचा हक्क बहुधा खरा असतो. परंतु कागदावाचून तो लंगडा पडतो. सन २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यात ठिकठिकाणी झाल्या, तेव्हा पावती, पिशवी व तीवरील लॉट क्रमांक यांची किंमत पुष्कळांस कळून आली. बियाणे घरी येताच या तिहींचे छायाचित्र घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. तीच गोष्ट कापसाच्या काटापट्टीची, आडत्याच्या हिशेबपट्टीची, वीजबिलाची व फेरफाराच्या नोटिशीची. अस्सल कागद मात्र जपून ठेवलाच पाहिजे. छायाचित्र हा त्याचा सोबती आहे, वारस नव्हे.

दुसरी बाब पेऱ्याची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन, नोंद करण्याचे काम खातेदाराकडे आले. मुदत टळून सातबारावरील पिकाचा रकाना कोरा राहिला, तर हमीभावाच्या खरेदीसाठी नाव नोंदविताना किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण उभी राहते. सरकारने आपला भार आमच्या शिरावर टाकला, असा आक्षेप काही बंधू घेतात. तो निराधार नाही. वृद्ध खातेदारांस व रेंज नसलेल्या शिवारांत त्याचा जाच होतोच. तथापि पारावर बसून पेरा लिहिला जातो, ही जुनी तक्रारही आपलीच होती. आता लेखणी आपल्या हाती आली आहे. ती खाली ठेवू नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. हे दप्तर एकट्या मुलाच्या खिशात असू नये. तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला की घर कागदावाचून राहते. कोणता कागद कोठे आहे हे घरच्या लक्ष्मीस ठाऊक असावे, व छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या मोबाईलमध्येही असावी. ओटीपी मात्र कोणी कितीही गोड बोलून मागितला, तरी सांगू नये.

महिन्यातून एक संध्याकाळ सर्वांनी मिळून या कामास द्यावी. कचेरीच्या पायरीवर मागाहून जे दिवस खर्ची पडतात, त्यांपुढे ही एक संध्याकाळ काहीच नाही.