फळीवरचा मृतसाठा

उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातील ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. भीमेकाठी वैद्यकी करणाऱ्या आम्हां मंडळींना हे आकडे उन्हाळ्यात तोंडपाठ असतात. आपल्याच औषधालयाच्या फळीवर मृतसाठा किती, हे विचारल्यास मात्र बहुतेकांस सांगता येत नाही.

व्यवसायाचे नेतृत्व म्हणजे मोठी पाटी व चकचकीत दालन, असा समज रूढ होत आहे. आमच्या मते धोरण आखणाऱ्यास प्रथम देश व काल वाचता आला पाहिजे. रुग्ण तपासताना आपण ते नित्य करतो. औषधांची मागणी नोंदविताना विसरतो. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि करमाळा, माढा, इंदापूरच्या जांगल देशात ऊस व केळी आली. पैशाची चालही बदलली. ऊस उत्पादकाच्या हाती पैसा येतो तो कारखान्याचे बिल निघाल्यावर. तोवर औषध उधारीवर. मार्चअखेर कंपनीचा प्रतिनिधी 'दहावर दोन मोफत' घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा निम्मी रक्कम वहीत अडकलेली असते. उरलेली आपण फळीवर अडकवितो.

अशा वेळी नकार देता येणे हे खरे कौशल्य. त्यास आधार शास्त्राचाच आहे. चूर्ण दोन महिन्यांत, गुटिका व लेह वर्षभरात हीनवीर्य होतात, तर आसवे व रसौषधी जुनी होतील तशी गुणवान ठरतात, असे शार्ङ्गधर सांगतो. सध्याचा नियम चूर्णास दोन वर्षे देतो. हवाबंद डब्यास ती मुदत शोभेल. पण पावसाळ्यात दिवसातून दहादा उघडल्या जाणाऱ्या बरणीस ती कशी लावावी? योजनेत घ्यावयाचेच तर आसवारिष्टे घ्यावीत, चूर्णे महिन्याच्या खपापुरतीच. गुण आला नाही की रुग्ण कंपनीस नव्हे, वैद्यास आणि आयुर्वेदास दोष देतो.

कोणती बरणी हलत नाही, हे मदतनिसास वैद्याआधी कळते. त्यास विचारण्यात कमीपणा मानणारे व्यवसायबंधू आम्ही पाहिले आहेत. चरकाने उपस्थात्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान दिले, याचे त्यांना विस्मरण झाले असावे.

काठावरच्या चार-पाच चिकित्सालयांनी चूर्णांची मागणी दरमहा एकत्र नोंदविल्यास घाऊक दर मिळेल आणि मालही ताजा राहील. बिले मात्र प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र असावीत. टेंभुर्णी किंवा जेऊर येथे माल उतरविणे सोयीचे. दिवाळी उलटताच, योजनांची पत्रके येण्यापूर्वी, इच्छुकांनी आपापली खपाची वही घेऊन एकत्र बसावे, असे आम्ही सुचवितो.